आधी घराला विचारा

माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध महिन्याचं बिल भरणं आणि दिवे गेले की मेणबत्ती शोधणं एवढाच. असा माणूस विजेवरच्या गाडीला घरी कुठला चार्जर बसवावा यावर बोलायला का बसला, असं तुम्हाला वाटेल. बसावं लागलं. त्याला कारण आमच्या घरात सापडलेला वायरचा एक बोटभर तुकडा. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी गाडीपासून सुरुवात करू.

सोलापुरात आमचं जुनं घर आहे. खाली थोरले भाऊ, भाभी, त्यांचा मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. वर आम्ही. पुतण्या अक्कलकोटच्या कॉलेजात शिकवतो. जाऊन येऊन रोजचे ऐंशी किलोमीटर. पेट्रोल परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं विजेवरची गाडी घेतली. गाडी दारात आली, पेढे वाटले, भाभींनी गाडीची दृष्ट काढली. आणि मग संध्याकाळी सगळ्यांना एकदम प्रश्न पडला की, आता हिला चारापाणी कुठून घालायचं?

शोरूमवाल्यानं तीन पर्याय सांगितले होते. एक, गाडीबरोबर मिळालेला हातात धरण्याजोगा चार्जर, जो गिझरच्या पंधरा अँपिअरच्या थ्री-पिनमध्ये लावता येतो. दुसरा, भिंतीवर बसवायचा सात किलोवॉटचा डबा. तिसरा, थ्री-फेजवर चालणारा अकरा किंवा बावीस किलोवॉटचा. पुतण्या मला म्हणाला, "चाचा, सगळ्यात मोठाच घेऊन टाकू का? एकदाच काय तो खर्च." मी कवी माणूस, काय सांगणार? म्हटलं, घे बाबा. नशीब, त्या दिवशी दुकान बंद होतं.

मंडळी, या विषयात सगळ्यांचीच पहिली गफलत होते ती शब्दामुळे. ज्याला आपण चार्जर म्हणतो, त्या भिंतीवरच्या डब्यात चार्जर नसतोच! घरात येणारी वीज एसी असते, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट वाहणारी. बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. एसीचं डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटातच बसवलेलं असतं. खरा चार्जर तो. भिंतीवरचा डबा म्हणजे दारावरचा पहारेकरी. गाडीची पिन नीट बसली का, अर्थिंग आहे का, वीज कुठे गळत तर नाही ना, हे तो पाहतो. पिनमधल्या एका बारीक तारेवरून तो गाडीला कळवतो की, इथून अमुक अँपिअरपर्यंत वीज मिळेल, त्याहून जास्त ओढू नकोस. एवढं बोलणं झालं की मगच तो आतला स्विच ओढतो आणि वीज सोडतो. आजच्या बहुतेक चारचाकींना 'टाइप टू' नावाची सात टोकांची पिन असते. त्या सातांतली दोन टोकं केवळ या बोलण्यासाठी असतात. रस्त्यावरच्या पंपांवर जे झटपट चार्जर दिसतात ते मात्र बाहेरच डीसी करून थेट बॅटरीला देतात. त्यांची जात वेगळी. घराला त्यांची गरज नाही.

हे एकदा कळलं की दुसरी गोष्ट आपोआप कळते. गाडीच्या पोटातलं यंत्र जेवढं घेऊ शकतं त्याहून मोठा डबा भिंतीवर लावून काहीही उपयोग नाही. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि पोटातलं यंत्र ३.३ किलोवॉटचं. तिला बावीस किलोवॉटचा डबा लावला तरी ती ३.३ नंच जेवणार. लहान मुलासमोर परात भरून भात ठेवला म्हणून त्याचा घास मोठा होत नाही. काही गाड्यांत ३.३ आणि ७.२ असे दोन्ही पर्याय असतात. टियागो ईव्ही २०२२ साली आली ती तशीच. म्हणून गाडी घेताना कागदावर एक ओळ हटकून वाचावी, की एसी चार्जिंग किती किलोवॉट. डब्याचा विचार त्यानंतर.

आता पुढचा प्रश्न, तुम्हाला रोज लागतं किती? साधारण मोटार एका युनिटात सहा ते आठ किलोमीटर जाते. आपण सात धरू. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, तीही धरली तर आमच्या पुतण्याच्या ऐंशी किलोमीटरना मीटरवर बारा-तेरा युनिट पडतात. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर हे काम चार तासांचं. रात्री दहाला पिन लावली की दोनला गाडी तयार. तोपर्यंत तो झोपलेला असतो. गावातल्या गावात रोज तीसचाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला तर दोन तास पुरतात. आणि रात्रभर, म्हणजे आठ तास, लावून ठेवली तर याच साध्या चार्जरवर दीडशे किलोमीटरची सोय होते. रोज दीडशे किलोमीटर जाणारी माणसं आपल्या ओळखीत किती आहेत ते ज्यानं त्यानं मोजावं.

मग सात किलोवॉटचा डबा कुणी घ्यावा? ज्याची बॅटरी मोठी आहे आणि फिरणंही दांडगं आहे त्यानं. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्यानं. रात्री उशिरा येऊन पहाटे पुन्हा निघावं लागतं त्यानं. सिंगल फेजवर ३२ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण ७.४ किलोवॉट, हे त्याचं गणित. थ्री-फेजचा अकरा किलोवॉटवाला तर त्याहून थोड्यांसाठी. गाडीच्या पोटातलं यंत्र तेवढं घेणारं असेल आणि घरात थ्री-फेज असेल, तरच त्याचं नाव काढावं.

इथवर सगळं गाडीचं झालं. खरा प्रश्न पुढेच आहे आणि तो दुकानात कुणी विचारत नाही. तो म्हणजे, तुमचं घर किती देऊ शकतं?

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. पुतण्यानं गाडीबरोबर आलेला चार्जर ओसरीतल्या जुन्या बोर्डाला लावला. हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. चार्जर म्हणत होता, अर्थिंग नाही. नसणारच. घर आमच्या अब्बांच्या काळातलं, त्यात दोन तारांची वायरिंग. बोर्डाला तिसरं भोक होतं, पण ते नुसतं दाखवायला. त्याच्या मागे तार नव्हतीच. फ्रिज, मिक्सर, इस्त्री सगळं त्यावर वर्षानुवर्षं चाललं. कुणाची तक्रार नव्हती. गाडीचा चार्जर हा घरातला पहिला शहाणा, ज्यानं तोंडावर सांगितलं की इथे काहीतरी चुकतंय.

आम्ही काय केलं? एका वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि बंद केला. लाल दिव्याचा हिरवा झाला. त्यानं दोनशे रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला. आम्ही खूश.

दोन महिने सुरळीत गेले. मग पावसाळा लागला. एका संध्याकाळी दिवे उगाचच कमीजास्त होत होते. गाडी ओसरीत चार्जिंगला लावलेली. भाभी अनवाणी पायांनी दोरीवरचे कपडे काढायला गेल्या आणि त्यांचा हात गाडीच्या दाराला लागला. आत येऊन म्हणाल्या, हाताला मुंग्या आल्या. भाभींना मधुमेह आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की साखर वाढली असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात शिकवणीहून ओल्या पायांनी आली, गाडीला टेकली आणि किंचाळत आत पळाली. म्हणाली, "गाडी चावते!"

तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले. पुतण्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी शेजारच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. हे मिस्त्री आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यांत मोटारी बसवत आले. अब्बा माग चालवायचे त्या कारखान्यातही त्यांचीच वायरिंग होती. त्यांनी बोर्ड उघडला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं मला दाखवलं. तिसऱ्या भोकाच्या मागे एक बोटभर वायर. तिचं एक टोक अर्थिंगच्या पिनला आणि दुसरं शेजारच्या न्यूट्रलला. बस्स. एवढ्यावर चार्जर फसला होता.

मिस्त्रींनी तेलुगू वळणाच्या मराठीत मला जे समजावलं ते माझ्यासारख्यालाही समजलं, म्हणून तुम्हाला सांगतो. वीज फेजच्या तारेनं येते, काम करते आणि न्यूट्रलच्या तारेनं परत जाते. तिसरी तार, अर्थिंगची, रोज रिकामी बसलेली असते. यंत्राच्या पत्र्यात कधी चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ती असते. म्हणून यंत्राचा पत्रा अर्थिंगला जोडतात. आता अर्थिंग नसताना तिथे न्यूट्रलचा तुकडा जोडला की काय झालं? गाडीचा सगळा पत्रा न्यूट्रलला जोडला गेला. न्यूट्रल शाबूत आहे तोवर कुणाला काही कळत नाही. पण न्यूट्रलचा सांधा कुठे सैल झाला, की परत जाणारी वीज अडते आणि पत्र्यात उभी राहते. गाडी रबरी टायरांवर उभी, त्यामुळे तिला जमीनही मिळत नाही. मग ती वाट पाहत राहते, कुणी ओल्या पायांनी येऊन हात लावण्याची.

मेन बोर्डावरचा आमचा न्यूट्रलचा सांधा काळा पडला होता. दिवे कमीजास्त होत होते ते त्यामुळे. मिस्त्री म्हणाले, "चार दिवस आणखी गेले असते तर हा सांधा तुटला असता. मग मुंग्या आल्या नसत्या, दोनशे तीस व्होल्ट आले असते." कुणी काही बोललं नाही. भाभींनी नातीला जवळ घेतलं.

वायरमनचा दोष होताच. पण लाल दिवा हिरवा करून द्या, असं म्हणणारे आम्ही होतो. का लाल आहे, असं आम्ही विचारलं नव्हतं. हीच ती गोष्ट, जी सांगायला मी बसलो आहे. चार्जर तुम्हाला नकार देत असेल तर तो तुमचा जीव वाचवत असतो. त्याची समजूत घालणारा माणूस शोधू नका, घर दुरुस्त करणारा शोधा.

तर मग घराला काय काय विचारायचं? मिस्त्रींनी आमच्याकडून जे करून घेतलं त्याच क्रमानं सांगतो.

पहिलं, विजेचं बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॉटच असतो. कारण तो लिहिला गेला तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे होते. त्यावर आज एसी, गिझर आणि वर ३.३ किलोवॉटची गाडी येणार. म्हणून भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे आधी करावा. ज्यांच्याकडे दुसरी कंपनी वीज देते त्यांनी तिथे करावा. सात किलोवॉटचा डबा लावायचा असेल तर बहुधा थ्री-फेजचाच विचार करावा लागतो. हा कागदी सोपस्कार नाही. तुमच्या भारावर सर्व्हिस वायरची जाडी आणि गल्लीतल्या डीपीवरचा हिशेब अवलंबून असतो.

दुसरं, अर्थिंग. त्यासाठी खड्डा घेऊन जीआय पाइप किंवा तांब्याची पट्टी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. हल्ली तयार रसायनाचं अर्थिंगही मिळतं. भारतीय मानकांत यासाठी आयएस ३०४३ नावाची स्वतंत्र संहिता आहे, तुमच्या ठेकेदाराला ती माहीत असायला हवी. अर्थिंग नुसतं करून चालत नाही, अर्थ टेस्टरनं मोजून घ्यावं लागतं. पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. आमच्या सोलापूरसारख्या मुरमाड, कोरड्या भागात उन्हाळ्यात जमीन सुकते आणि हा आकडा चढतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

तिसरं, गळती ओळखणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी. बरेच लोक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे की! दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस मरू नये म्हणून. गणितच पाहा. अर्थिंग शंभर ओहमचं, म्हणजे वाईट असेल आणि फेज पत्र्याला लागला, तर २३० भागिले १०० म्हणजे जेमतेम २.३ अँपिअर वीज जमिनीत जाईल. वीस अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या हिश्श्याचे तीन हिस्से इतकी गळती झाली की पडतो. गाडीसाठी तो स्वतंत्र घ्यावा आणि 'ए' टाइपचा घ्यावा. स्वस्तातला 'एसी' टाइपचा घेऊ नये. कारण गाडीच्या यंत्रातून कधी डीसी गळती झाली तर हा स्वस्तातला स्विच आंधळा होतो. भिंतीवरचा डबा घेत असाल तर त्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे विचारून घ्या. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता पाहा.

चौथं, वायर आणि सॉकेट. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लोक म्हणतात, गिझरही दोन-तीन किलोवॉटचाच असतो, मग गाडीनं काय बिघडतं? बिघडतं ते वेळेमुळे. गिझर पंधरावीस मिनिटं चालतो आणि थांबतो. गाडी चार-चार, आठ-आठ तास पूर्ण ताकदीनं ओढत राहते. सॉकेटमधली पकड सैल असेल आणि तिथे एक दशांश ओहम जरी अडथळा असेल, तर पंधरा अँपिअरला तिथे साडेबावीस वॉटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची इस्त्री पंचवीस वॉटची असते. ती तुमच्या प्लास्टिकच्या बोर्डात रात्रभर ठेवल्यासारखंच हे झालं. शिवाय वीज दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. म्हणून गाडीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर ओढावी. पंधरा अँपिअरच्या चार्जरला चार एमएमची, ३२ अँपिअरच्या डब्याला निदान सहा एमएमची. अंतर लांब असेल तर त्याहून जाड. मध्ये सांधा नको. सॉकेट चांगल्या प्रतीचं, औद्योगिक वापराचं मिळालं तर फारच छान. आणि एक्स्टेन्शन बोर्ड? मंडळी, त्याचं नावही काढू नका. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरीत उष्णता कोंडते आणि ती वितळते. पहिला आठवडाभर, चार्जिंग तासभर झाल्यावर, पिनजवळ हात नेऊन पाहावा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर बंद करा.

हे सगळं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावं आणि त्याच्याकडून चाचणीचा अहवाल लिहून घ्यावा. दोनशे रुपये आणि चहा यावर हे काम होत नाही, हे आम्ही अनुभवानं शिकलो.

पाचवी गोष्ट पैशांची. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिले १०० युनिट एका दरानं, १०१ ते ३०० त्याहून चढ्या, ३०१ ते ५०० आणखी चढ्या, त्यापुढे सगळ्यात चढ्या. आमच्या खालच्या घराचं बिल महिन्याला १८० युनिटांचं होतं. गाडीचे महिन्याचे ३२० धरले की ५०० झाले. म्हणजे गाडीनं खाल्लेल्या ३२० पैकी १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि २०० तिसऱ्या टप्प्यात गेले. गाडी नेहमी वरच्या दराचे युनिट खाते, खालच्या दराचे घरानं आधीच खाल्लेले असतात. यावर उपाय आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगानं २०१८ साली गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग केला. आणि २०२४ साली केंद्र सरकारनं वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून, गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येईल, असं स्पष्ट केलं. तेव्हा ज्याचं फिरणं जास्त आहे त्यानं दोन्हींचा हिशेब मांडावा. युनिटचा दर आणि महिन्याचा स्थिर आकार, दोन्ही कार्यालयात विचारावेत. महिन्याला जेमतेम शंभर युनिट लागणाऱ्यानं घरच्याच मीटरवर राहिलेलं बरं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे घर वर, गाडी खाली. आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत वायर कुठून जाईल, ती पाइपमधून जाईल ना, पावसाचं पाणी साचतं त्या जागेच्या वरून जाईल ना, याचा नकाशा काढून तो अर्जासोबत सोसायटीला द्यावा. नुसतं 'चार्जर लावायचा आहे' असं सांगितलं की सभासदांना आग दिसते. स्वतःचा मीटर, स्वतःची वायर, आरसीसीबी, ठेकेदाराचा अहवाल, हे सगळं समोर ठेवलं की निम्मी भांडणं मिटतात. आणि जिन्यातल्या सामाईक दिव्याच्या बोर्डाला गुपचूप पिन लावणं, हे चोरीइतकंच धोक्याचंही आहे. ती वायर दिव्यापुरतीच असते.

घराची इतकी तयारी झाली की मग डबा निवडणं सोपं आहे. तो उघड्यावर लावायचा असेल तर त्यावर आयपी म्हणून दोन आकडे असतात, ते पाहा. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ ला आडोसा हवा, ६५ पावसाच्या सपकाऱ्यालाही टिकतो. अँपिअर कमीजास्त करता येतात का पाहा. म्हणजे उन्हाळ्यात एसी चालू असताना गाडीला १० अँपिअरवर ठेवता येईल. वीज जाऊन परत आली की चार्जिंग आपोआप सुरू होतं का, हे हटकून विचारा. नाहीतर रात्री बाराला पाच मिनिटं दिवे जातील आणि सकाळी गाडी रिकामी. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. असल्या भागात डबा किती व्होल्टपर्यंत काम करतो तेही विचारावं आणि पिन रात्री उशिरा लावावी. केबल पाच मीटरची तरी असावी. आणि शेवटचं, दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येतो का? मोबाइलवर गाणी लावणारा डबा आणि जिल्ह्यात दुरुस्ती करणारा डबा, यांतून निवडायचं झालं तर मी दुसरा घेईन.

आमच्या घरी शेवटी काय झालं? डबा घेतलाच नाही! गाडीबरोबर मिळालेला पंधरा अँपिअरचा चार्जरच पुतण्याला पुरतो, हे गणित करून कळलं. डब्यासाठी ठेवलेले पैसे खालच्या मजल्याच्या नव्या वायरिंगमध्ये गेले. सगळ्या बोर्डांच्या तिसऱ्या भोकामागे आता खरी हिरवी तार आहे. फ्रिजलाही, मिक्सरलाही. म्हणजे गाडीच्या निमित्तानं घर शहाणं झालं.

अर्थिंगचा खड्डा अंगणात कडुनिंबाखाली घेतला. मिस्त्री पाइप पुरत होते तेव्हा मला अब्बांची आठवण झाली. कारखान्याला सुट्टी असली तरी उन्हाळ्यात ते बादली घेऊन जायचे आणि भिंतीलगतच्या एका खड्ड्यात पाणी ओतून यायचे. मी लहान होतो. मला वाटायचं, तिथे झाड लावलंय आणि ते कधी उगवत कसं नाही? विचारलं तर म्हणायचे, "हे माणसांसाठी आहे." तेव्हा काही कळलं नव्हतं.

आता ते काम नातीकडे आहे. दर रविवारी सकाळी ती तांब्याभर पाणी घेऊन जाते. तांब्या पुरत नाही, बादली लागते, म्हणून मागून मी बादली नेतो. गाडीला हात लावायला ती अजून थोडी कचरते. तिला सांगितलंय, आता गाडी चावत नाही. पण मंडळी, हे तिला सांगायच्या आधी मिस्त्रींकडून मी ते दोनदा मोजून घेतलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)